आठ कपांचा एक कप

आतड्याच्या आजारावर उपचार चालू असताना माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या, आणि त्याला कारण घरात प्रेमाने उकळलेला काढा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना जिवाला घोर लागायला नको. मी आता बरी आहे. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे आणि त्या माणसासाठी कोणीतरी आठवणीने काहीतरी उकळतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे असं नसलेलं घर कुठलं आहे?

थोडी ओळख. मी सुजाता, जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहते. एका रसायन कंपनीत मालवाहतुकीचं नियोजन करते, म्हणजे कुठलं पिंप कुठल्या ट्रकने कधी निघेल ते ठरवते. नवरा मिलिंद रंगांचा केमिस्ट आहे. मुलगी तारा इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. आणि मिलिंदची आई. त्यांना मीही आईच म्हणते.

निदानाचा दिवस

बरेच महिने पोट दुखत होतं, वजन उतरत होतं आणि मी ते कामाच्या ताणावर ढकलत होते. शेवटी तपासणी झाली. गुंगी उतरल्यावर डॉक्टरांनी एका कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि शेवटच्या वळणावर पेनाने गिरवागिरव केली. क्रोनचा आजार. आतड्याला सूज येते, जखमा होतात.

मी प्रश्न लिहून नेले होते. पहिला होता, 'हे बरं कशाने होतं?' डॉक्टर म्हणाले, "बरं होत नाही. शांत ठेवता येतं." माझ्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांनी पहिल्याचं उत्तर वेगळं येईल असं धरलं होतं. मी कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

घरी येताना दुकानात थांबले, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टीमुळे दुकानं बंद असणार होती आणि दूध संपलं होतं. पैसे द्यायच्या रांगेत पुढच्या बाईचं सामान पट्ट्यावरून सरकत होतं, आणि एकाएकी माझे पाय कापायला लागले. मी सामानाच्या ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभी राहिले. दूध घेतलं, घरी आले, मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "चहा करू?" मग चहा करायचा राहूनच गेला.

हे एवढ्यासाठी लिहिते की त्या दिवशी तुम्हाला रडू आलं नाही तर स्वतःला दगड समजू नका. पाय कापतात, तेही तेच असतं.

आई येतात

बातमी कळल्यावर आईंनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

आई आल्या त्या मेतकूट, सुंठ, घरचं तूप आणि एक जाड बुडाचं पातेलं घेऊन. "अहो आई, पातेली इथे मिळतात," मी म्हटलं. "मिळत असतील," त्या म्हणाल्या, "पण ती मला ओळखत नाहीत."

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात. लग्नानंतर मी हे मोडायचा खूप प्रयत्न केला. ताट वाढून ठेवलं, रुसून पाहिलं, भांडूनही पाहिलं. "तुम्ही जेवा, मी बघते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सगळ्यांची पोटं भरलेली दिसल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. इथे आल्यावरही तेच. मिलिंद कामावरून उशिरा आला तर त्याही थांबायच्या. तारा आजीला जर्मनमध्ये ओमा म्हणते. ती म्हणायची, "ओमा जेवत नाही, ती आपल्याला जेवताना मोजते."

आठवड्याभरात त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आजारी माणसाला सगळ्यात जास्त थकवा कशाचा येतो, तर 'आज काय करायचं' याचा. तो प्रश्न माझ्या डोक्यावरून उतरला.

शेजारणीची काळी ढेकळं

आमच्या खालच्या मजल्यावर लिडिया राहते. सत्तरीची आहे. तिचं घराणं जर्मन, पण जन्म सैबेरियातल्या खेड्यातला. तरुणपणी इकडे आली. तिला माझ्या पोटाचं कळल्यावर एका कापडी पिशवीत काहीतरी घेऊन वर आली. टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाटलं कोळसा आहे. बाहेरून काळंकुट्ट, भेगाळलेलं. तिने एक ढेकूळ फोडून दाखवलं, आत विटकरी-सोनेरी.

"चागा," ती म्हणाली. बर्च झाडाच्या खोडावर उगवणारी बुरशी. तिच्या गावी चहापत्ती मिळायची नाही तेव्हा लोक याचाच चहा प्यायचे. पोट बिघडलं की हाच. बाळंतिणीला धुवायला याचंच पाणी. तिचे आजोबा शिकारीला जाताना याचा तुकडा पेटवून डब्यात ठेवायचे. धूर न करता तो दिवसभर धुमसत राहायचा, म्हणजे कुठेही विस्तव तयार.

आई ऐकत होत्या. तारा मधे बसून, मराठी आलं की अडखळत, दोन्हीकडचं सांगत होती. आईंचे डोळे चमकले. त्यांना हे सगळं नवं नव्हतं; नाव तेवढं नवं होतं.

लिडियाने करून दाखवलं. सुपारीएवढा तुकडा, थर्मासमध्ये कोमट म्हणता येईल असं गरम पाणी, रात्रभर झाकून. सकाळी फिकट तांबूस चहा. चव मातीसारखी, किंचित कडवट, शेवटी अगदी पुसट गोडवा. वाईट नव्हता. तोच तुकडा ती पुन्हा पुन्हा वापरायची.

पोटाच्या डॉक्टरांना मी पुढच्या भेटीत सांगितलं की शेजारीण एक चहा देते. त्यांनी मान डोलावली. जर्मनीत प्रत्येक दुखण्याला एक चहा असतो आणि डॉक्टरही तो पितात. त्या दिवशी मी जे सांगितलं ते खरंही होतं. तेव्हा तो चहाच होता.

चहाचा काढा होतो

लिडियाची ढेकळं संपली. आईंनी मला सांगितलं की आणखी मागवायची. मी शोधून पावडर मागवली. चांगली, मोठी पिशवी. घरात लागणारी वस्तू संपायच्या आत आणून ठेवणं हा माझा स्वभाव आहे.

पावडर आली आणि आईंच्या मनातली शंका बाहेर पडली.

"त्या बाईचं सगळं बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या, "पण तिला काढा करता येत नाही. नुसतं कोमट पाणी ओतून झाडाचा अर्क उतरतो का कधी? रंग तरी आला होता का त्याला?"

आईंच्या माहेरी काढ्याचा एकच नियम होता: आठ भाग पाण्याचा एक भाग उरेपर्यंत आटवायचा. मंद आचेवर, झाकण न ठेवता. आणि तळाशी राहिलेला गाळ टाकायचा नाही, ढवळून प्यायचा, कारण गुण त्यातच. त्यांच्या घरात याच पद्धतीने खोकले गेले, ताप उतरले, बाळंतिणी उठल्या. मग या काळ्या पावडरीला वेगळा नियम कशाला?

तर रोज त्या जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे पावडर आणि आठ कप पाणी. खाली उरायचा एक कप, डांबरासारखा. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा, गाळासकट.

मिलिंद एकदा पातेल्यात डोकावून म्हणाला, "आई, याचा रस्ता करायचा आहे का?"

"तू भिंती रंगव," आई म्हणाल्या. "घरात एवढा केमिस्ट असून बायको वाळत चालली ती दिसली नाही तुला."

आम्ही हसलो. मी तो काढा नाक धरून प्यायले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. औषधांच्या गोळ्या मला आजाराची आठवण करून द्यायच्या; तो कप मला कोणीतरी आपल्यासाठी तासभर उभं राहिल्याची आठवण करून द्यायचा. मला तो हवा होता. आणि पोट थोडं शांतही झालं होतं, गोळ्यांनी की कशाने ते देव जाणे. श्रेय अर्थातच काढ्याला गेलं.

फोन

काही आठवड्यांनी पावलांवर सूज आली. बूट घट्ट व्हायला लागले. तोंडाला पैशाचं नाणं चोखल्यासारखी चव. मळमळ. मी हे सगळं आतड्याच्या नावावर टाकलं. आजारी माणसाची ही एक सोय असते: एक मोठा आजार असला की बाकी सगळं त्याच्याच पोटात घालता येतं.

नेहमीचं रक्त तपासायला दिलं आणि कामावर गेले. दुपारी दवाखान्यातून फोन आला. "आज येऊ शकाल का?" असं नाही विचारलं. "आता निघा, बॅग घेऊन," असं म्हणाले.

बॅग मी नीट भरली. हे तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून सांगते: लांब वायरचा चार्जर, सपाट चपला, पुढून उघडणारा शर्ट (मानेत नळी घालायची वेळ आली तर डोक्यावरून कपडे काढता येत नाहीत), ओठांना लावायचं मलम, कानात घालायचे बोळे. आईंनी दारातच त्यात सुंठेची वडी टाकली.

किडनी विभागाच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या, केस आखूड, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, "तुमच्या किडन्या फार थोडं काम करत आहेत. का, ते माहीत नाही. कारण सापडलं आणि थांबवता आलं तर त्या परत येऊ शकतात. नाही सापडलं तर डायलिसिस कायमचा होऊ शकतो."

त्या रात्री मला कळलं की क्रोनच्या दिवशी वाटली होती ती खरी भीती नव्हती.

श्टात्सिओनवरचे दिवस

श्टात्सिओन म्हणजे वॉर्ड. तिथे दिवसाला एक पक्कं वळण असतं आणि मला त्याचा आधार वाटला. सकाळी वजन, मग रक्त, मग डॉक्टरांची फेरी. पाणी मोजून. संध्याकाळी लवकरच आबेंडब्रोट, म्हणजे ब्रेड, चीजचा तुकडा, काकडी. गरम काही नाही. डायलिसिस मानेत घातलेल्या नळीतून चालायचा. ती ओढली जायची, तेव्हा मी खिडकीतून दिसणाऱ्या क्रेनकडे बघायचे. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई घोरायच्या आणि सकाळी मलाच विचारायच्या, "झोप लागली का?"

एक नर्स होती. नळीची पट्टी बदलताना प्रत्येक वेळी आधी आपले हात चोळून गरम करायची. तिला कोणी सांगितलं नसणार. अशा गोष्टींवर दिवस निघतो.

किडनीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल आला त्या दुपारी आई आणि तारा माझ्यापाशी होत्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. किडनीत ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे स्फटिक साठले आहेत, म्हणाल्या. काही खाण्यांतून येतात. "पालक खूप खाता? बदाम? बीट? क जीवनसत्त्वाच्या गोळ्या?"

सगळ्याला नाही. मी खरंच आठवून पाहिलं. जेवण तर आई करत होत्या. पोट नाजूक म्हणून भात, मुगाचं वरण, दुधी.

आणि आईंनी पिशवीतून थर्मास काढला. हॉस्पिटलचं अन्न कोरडं, निदान काढा तरी चुकू नये म्हणून त्या घेऊन आल्या होत्या. झाकण फिरवलं, कपात ओतला. तो कधीच भरभर पडायचा नाही, दाट होता.

डॉक्टरांनी विचारलं, "हे काय आहे?"

तारा म्हणाली, "चागा."

"ही बुरशी मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "तुझ्या आजीला विचार, कसं बनवतात? सगळं, पहिल्यापासून."

आईंचा चेहरा उजळला. या देशात आल्यापासून एवढ्या शिकलेल्या बाईने त्यांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्या पदर सावरून सांगायला लागल्या. "डॉक्टरीणबाईंना सांग, पाणी आठ कप. दोन चमचे, शीग लावून. आच मंद. एक कप उरवायचा. आणि हे नक्की सांग हं, की गाळ टाकायचा नाही. लोक टाकतात. आम्ही नाही टाकत. दोन्ही वेळा, न चुकता. एक दिवस चुकवलेला नाही मी."

तारा भाषांतर करत होती. डॉक्टर लिहीत होत्या. मी डॉक्टरांच्या पेनाकडे बघत होते, आणि ते थांबलं तेव्हा मला कळलं. ताराला माझ्या आधी कळलं असावं. 'न चुकता' हे तिने जर्मनमध्ये म्हटलंच नाही.

"आणखी विचारा म्हणावं," आई म्हणाल्या. "आपल्याकडे काविळीवर पण—"

तारा उठली. आजीच्या हातातला कप तिने दोन्ही हातांनी घेतला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याशी सलग मराठी बोलली. "आजी, हे आता आईला नाही द्यायचं. याच्यानेच झालंय. तुला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं माहीत."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून फक्त "आई" एवढंच आलं.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, आणि तेही आईंना उद्देशून. फिकट चहात थोडंसंच उतरणारं ऑक्झलेट पावडरीच्या गाळात पोत्याने असतं. त्यात आजारी आतडं ते नको तेवढं आत घेतं. शेवटी त्या ताराला म्हणाल्या, "आजीला सांग, त्यांनी इतकं नीट सांगितलं म्हणून आम्हाला कारण लवकर मिळालं. हे मी बरं वाटावं म्हणून म्हणत नाही."

ताराने सांगितलं. आईंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या थर्मासचं झाकण लावत होत्या आणि आटे बसत नव्हते.

वाट

कारण सापडलं, थांबलं. आता किडन्या परत येतात की नाही, एवढाच प्रश्न उरला. त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. डायलिसिस चालू राहिला. रोज सकाळी डॉक्टर रक्तातला किडनीचा आकडा सांगायच्या, आणि मी, जिचं सगळं आयुष्य वेळेवर निघणाऱ्या ट्रकांवर चालतं, ती लघवी किती होते याची वाट बघत पडून राहायची.

घरी वेगळंच चाललं होतं. मिलिंदने सांगितलं, आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. ब्रेड खातात, तोही कोणी हातात दिला तर. तिकीट बदलून दे म्हणून मागे लागल्या आहेत.

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, पावडर मागवली सुजाताने, पातेल्यात बघून हसलो मी, आणि एकटी तू का निघालीस?"

"मग?"

"मग म्हणाली, 'उकळलं मी.'"

लिडियाला कळलं तेव्हा ती वर आली आणि आईंच्या शेजारी बसून राहिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही. तारा घरी नव्हती. मिलिंद सांगतो, दोघी तासभर बोलल्या.

दुसऱ्या दिवशी लिडियाने आईंना तिच्या बागेच्या तुकड्यावर नेलं. गावाबाहेर अशा छोट्या बागा भाड्याने मिळतात. घरातली उरलेली सगळी पावडर आणि लिडियाकडचं शेवटचं ढेकूळ बरोबर होतं. पावडर खड्ड्यात गेली. ढेकूळ लिडियाने पेटवून दाखवलं. आजोबांसारखं, ज्वाळा नाही, नुसती लाल कड. आई बराच वेळ बघत बसल्या. घरी आल्यावर मिलिंदला म्हणाल्या, "त्याचा तो उपयोग खरा."

चागा वाईट आहे असं मी म्हणत नाही. लिडिया अजूनही थंडीत तिचा फिकट चहा पिते, तिच्या डॉक्टरांना सांगून. मी एवढंच म्हणते की तिच्या गावाची वस्तू आम्ही आमच्या गावच्या रीतीने उकळली, आणि दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. तुमच्या घरी असं काही चालू असेल तर डॉक्टरांना नुसतं नाव सांगून येऊ नका. कसं करता तेही सांगा. जमलं तर डबाच घेऊन जा.

ताकभात

एका सकाळी डॉक्टर आकडा सांगायच्या आधीच हसल्या. मग रोज थोडं थोडं. मानेतली नळी निघाली तेव्हा मी नर्सला म्हटलं, आज हात गरम नाही केलेस तरी चालेल. तिने केले.

किडन्या पूर्वीएवढ्या नाहीत, पण माझ्यापुरत्या आहेत. डायलिसिस लागत नाही. क्रोन आहे, शांत आहे.

घरी आले तेव्हा आईंची बॅग भरून दिवाणखान्यात होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, भूक लागली."

"मिलिंद काहीतरी आणेल."

"मला ताकभात हवा आहे. मऊ."

त्या हलल्या नाहीत. "हॉस्पिटलातल्या त्या आहाराच्या बाईंना विचारलंस?"

"विचारलं. भात चालतो. ताक, दही तर जेवणाबरोबर मुद्दाम घ्या म्हणाल्या."

"मीठ?"

"विचारलं. चिमूटभर."

"जिरं?"

"आई, जिऱ्याचंही विचारलं."

त्या उठल्या. आत भांड्यांचा आवाज झाला, बऱ्याच दिवसांनी. जाड बुडाचं पातेलं नव्हतं ते. ते त्यांनी कपाटाच्या वर, मागे ठेवून दिलं होतं. भात शिजेपर्यंत त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. माझ्यासमोर ताट ठेवलं. वाफ येत होती. मी हात पुढे केला.

"थांब," त्या म्हणाल्या.

माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. माझ्याच ताटातला एक घास कालवला आणि तोंडात घातला. या घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई. सावकाश चावला, गिळला. मग हात ताटाच्या कडेला ठेवून भिंतीकडे बघत बसल्या, जणू कोणीतरी आतून हाक मारेल अशी वाट बघत. मिलिंद दारात उभा होता, त्याच्यामागे तारा.

मी थांबले. भात निवला तरी थांबले.

"बरा झालाय," आई म्हणाल्या, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.